पाण्याच्या वाट्या

सकाळी साडेनऊला वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर बारा मुलं-मुली आपापल्या स्टुलांवर बसत आणि सहदेव वस्ताद त्यांच्यामागून एक फेरी मारत. कंपनी चामड्याच्या उंची हँडबॅगा बनवणारी. बॅग अशी, की घेणारीने स्वतः भिजावं पण ती भिजू देऊ नये. तिचे टाके मात्र हातानेच घालावे लागत, आणि तसे हात मिळेनासे झाले, म्हणून कंपनीने हा वर्ग काढला होता. तो चालवायची जबाबदारी प्रमोदिनीची.

प्रमोदिनी डोंबिवलीची, पन्नाशीला टेकलेली, सरळ मनाची बाई. दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या सहदेवना तिनेच शोधून आणलं होतं. चर्मकार घराणं, आजोबा देशावर विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवायचे. पाहुणे आले की ती त्यांना वस्तादांपाशी नेई आणि आमच्याकडे जातबीत कोणी विचारत नाही, असं न विचारता सांगे. रोज चारचा चहा ती त्यांच्या शेजारी बसून घेई. वस्ताद घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यातून चहा पीत. एकदा तिने विचारलं, तर सवय आहे म्हणाले. तिला तो साधेपणा वाटला होता.

वस्तादांची शिकवायची रीत एकच. मेण लावलेल्या दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, पीळ देऊन सुईत ओवायचं, आणि मग शिकणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवून टाका ओढायचा. कुठे सैल सोडायचं, कुठे आवळायचं, हे हाताने हाताला सांगायचं. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्यांच्याकडे विद्या अशीच आली होती.

तिसऱ्या आठवड्यात अपूर्व नावाच्या मुलाने वस्तादांनी ओवलेली सुई घेतली नाही. मुलगा ठाण्यातल्या चांगल्या घरातला, डिझाइनचा डिप्लोमा केलेला, वर्गात सगळ्यात हुशार. मला पाण्याची वाटी द्या, एवढंच तो म्हणाला. दुपारी त्याच्या आईचा प्रमोदिनीला फोन आला. गोड आवाजात बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं चालतं हो. पण तोंडातला दोरा, आणि दिवसभर हात धरायचा म्हणजे... त्यातून तुमचे ते मास्तर..."

वाक्य तिथेच राहिलं. पुढचे शब्द प्रमोदिनीला नेमके कळले, आणि कळले म्हणूनच तिने ते विचारले नाहीत. अपूर्व गेला तर कंपनी वर्गावर बोट ठेवील, ही तिची काळजी. साप मरावा आणि काठीही तुटू नये, अशी युक्ती तिने काढली. संध्याकाळी भिंतीवर तिच्या सहीची नोटीस लागली. स्वच्छतेसाठी, अशी सुरुवात करून खाली दोन ओळी होत्या. पहिली ओळ: दोरा तोंडात धरू नये, प्रत्येकाला पाण्याची वाटी मिळेल. दुसरी ओळ: शिकवताना प्रशिक्षकाने प्रशिक्षणार्थीच्या हाताला हात लावू नये.

वर्गातली, मोहन्याहून येणारी वैशाली नोटीस वाचून थेट केबिनमध्ये आली. तिचे आजोबा तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि प्रश्न विचारायची घरातूनच सवय. "मॅडम, थुंकीचं समजलं, बरोबरे. पण हाताचं काय? हात तर ते साबणाने धुऊन येतात, मी रोज बघते."

नियम सगळ्यांना सारखे असतात, असं प्रमोदिनीने सांगितलं आणि कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.

वस्तादांनीही नोटीस वाचली. बरंय मॅडम, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही हात पाठीमागे बांधून शिकवू लागले. इथं सोड, इथं ओढ, अजून थोडं, नाही, जास्त झालं. ओढ तोंडाने सांगता येत नाही. पोरं गोंधळली. आठ-दहा दिवसांनी वस्तादांचा फोन आला की गुडघे धरलेत, आता यायला जमायचं नाही.

त्यानंतरच्या महिन्याच्या अखेरीस मुख्य कार्यालयातून तपासनीस आला. त्याने बारा जणांचे नमुने हातात घेऊन जोडावर ताणून पाहिले. अकरा उसवले, त्यात अपूर्वचा पहिला. वैशालीचा तेवढा टिकला. कुठे शिकलीस, असं प्रमोदिनीने तिला बाजूला घेऊन विचारलं.

"दर रविवारी दिव्याला जाते, वस्तादांकडे. ते हात धरून शिकवतात."

प्रमोदिनी त्याच रविवारी दिव्याला गेली. चौथा मजला, जिन्यात पाण्याचे निळे पिंप भरून ठेवलेले, दोन दिवसांनी टँकर आलेला. सहदेवच्या बायकोने, विमलाबाईंनी, तिला खुर्चीवर बसवलं आणि त्या चार जिने उतरून खाली गेल्या. धापा टाकत परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली होती.

"अहो, मला घरातलं चाललं असतं," प्रमोदिनी म्हणाली.

"चाललंही असतं," विमलाबाई म्हणाल्या. "पण नाही चाललं, तर भरलेला तांब्या परत न्यायला लागतो ना ताई. आधी नेलाय कितीदा."

समोरच्या फळीवर तो स्टीलचा पेला पालथा घातलेला होता. प्रमोदिनी त्याच्याकडे बघत राहिली. महिनाभर तिने शेजारी बसून चहा घेतला आणि हा माणूस कारखान्याच्या कपाला हात लावत नाही, तो का, हे तिला एकदाही उमगलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वस्ताद, चुकलं माझं. परत या."

सहदेव खाली बसून दोऱ्याला मेण लावत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "मॅडम, चुकून टाका वाकडा जातो. ती दुसरी ओळ तुम्ही विचार करून लिहिली. थुंकीचं मला काही नाही, ती खोड वाईटच. हात का लिहिला?"

तिच्याकडे उत्तर होतं. तिने ती सीलबंद बाटली न उघडताच खाली ठेवली.

"माझ्या आजानं शिवलेल्या मोटेचं पाणी सगळा गाव प्यायचा. मोट रिकामी व्हायची त्या थारोळ्यातनं, ओंजळीनं. मोट कुणाला बाटली नाही, पाणी बाटलं नाही. हात तेवढा बाटायचा." त्यांनी दोऱ्याचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवलं. "मी तिथं येणार नाही. शिकवणं सोडलेलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं इथं यावं, हात पुढं करावा."

पुढच्या शुक्रवारी वर्गाचा समारोप होता. पालक आले होते, कंपनीचे बडे साहेब आले होते, आणि हस्तकलेचा वारसा या विषयावर प्रमोदिनीने छान भाषण लिहून ठेवलं होतं. उठताना तिने ते पर्समध्येच ठेवलं. भिंतीवरची नोटीस काढून तिने मोठ्याने वाचली, दोन्ही ओळी. जनाची नाही तर मनाची तरी, असं ती चार दिवस स्वतःला बजावत होती.

"या दुसऱ्या ओळीला स्वच्छतेचं कारण नव्हतं," ती म्हणाली. "कारण जात हे होतं. मला एकीने ते अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं मी स्वतः भरलं आणि खाली सही केली. ज्यांनी या मुलांना शिकवायला हवं होतं, त्यांचे हात मी पाठीमागे बांधायला लावले."

टाळ्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या रांगेत अपूर्वच्या आईने पदर सारखा केला. अपूर्व आपल्या तळहातांकडे बघत होता. साहेबांनी चहा न घेता गाडी मागवली, आणि सोमवारी प्रमोदिनीला लेखी खुलासा मागणारं पत्र आलं. ती जे बोलली होती तेच तिने पुन्हा लिहून दिलं. नोकरीचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही.

दिव्याच्या त्या खोलीत आता रविवारी पाच जण जातात, असं वैशाली सांगते. अपूर्वही दोनदा इमारतीच्या जिन्यापर्यंत आला आणि माघारी फिरला. वस्तादांना कळलं, तेव्हा दार लोटलेलंच आहे, एवढंच ते म्हणाले. प्रमोदिनीला मात्र त्यांनी अजून या म्हटलेलं नाही, आणि बोलावणं मागायचा आपल्याला हक्क नाही हे तिला कळतं.

अकरा वाट्या तिने स्टोअरमध्ये परत केल्या. एक तिच्या टेबलावर आहे, रिकामी. येणारे-जाणारे विचारतात, ही कशाला ठेवली. ती सांगते. पहिली ओळ सांगून थांबलं, तर माणसं मान डोलावून निघून जातात, हे तिला आता ठाऊक झालंय. म्हणून ती दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करते, आणि सही कोणाची होती ते त्याच दमात सांगते.