शंभरला संपणारी पट्टी

दुकानदारांची वजनमापं तपासण्यात अख्खी नोकरी घालवलेल्या निरीक्षकांनी निवृत्तीनंतर वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीला काढला, तेव्हाच बायकोनं जेवणाच्या टेबलावर पाणी सोडलं. आठ महिने त्या टेबलावर व्हॉल्व्ह, वायरी आणि निकामी कपॅसिटर नांदत होते, आणि घरची माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत होती. निरीक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. उलट एफएम पहिल्यांदा खणखणीत लागलं, त्या दिवशी त्यांनी शेजारच्या चार घरी जाऊन आपली पाठ थोपटून घेतली.

अशात मुलीला एफएमवर बातम्या वाचायचं काम मिळालं. पहिलं बातमीपत्र सोमवारी सकाळी नऊला, एकशेचारवर.

"बाबा, फोनवर ऐका, सोपं पडेल," ती म्हणाली.

निरीक्षकांना ते लागलं. आजोबांच्या रेडिओवर नातीचा आवाज येणार होता. त्या स्टेशनवर त्याआधी दुसऱ्या कुणाचा आवाज नको, म्हणून त्यांनी ते एकदाही लावून पाहिलं नाही.

सोमवारी नऊला पाच कमी असताना ते इस्त्रीचा सदरा घालून रेडिओपुढे बसले. व्हॉल्व्ह तापले. काटा उजवीकडे सरकू लागला. सत्त्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. आणि अडला. पट्टीच तिथे संपत होती. हा रेडिओ जर्मनीत बनला तेव्हा तिथलं एफएमच शंभरला संपायचं. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढणाऱ्या माणसानं आठ महिन्यांत घरातली एक पट्टी वाचली नव्हती.

"अहो, यावर शंभरच्या पुढे आकडेच नाहीत की," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

त्यांनी रेडिओ पाठमोरा केला, झटका बसू नये म्हणून डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं आतला एक इवलासा स्क्रू फिरवू लागले. तो फिरवला की सगळी स्टेशनं पट्टीवर खाली सरकतात, हे त्यांना ठाऊक होतं. किती फिरवायचा, ते नव्हतं. आधी कुणाची तरी गाणी आली, मग टूथपेस्टची जाहिरात, मग नुसती खरखर. नऊ वाजून गेले. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. निरीक्षकांचा सदरा घामानं भिजला. शेवटी खरखरीतून मुलीचा आवाज आला, अगदी खोलीत उभी असल्यासारखा: "बातम्या संपल्या. नमस्कार."

निरीक्षकांना रडू फुटलं. आनंदाचं की फजितीचं, हे तपासायला त्यांच्याकडे माप नव्हतं.

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "बाबा, मधे एकदा अडखळले. कळलं का?"

काहीतरी ठोकून द्यावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. "मला फक्त नमस्कार ऐकू आला," ते म्हणाले. "पट्टी शंभरला संपते. मी बघितलंच नाही."

पलीकडे कागद सळसळला.

"कागद अजून हातातच आहे," मुलगी म्हणाली. "बसा."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून रेडिओच्या डोक्यावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. ती पहिल्या बातमीपासून वाचू लागली. मघाशी अडखळली होती, तिथेच पुन्हा अडखळली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आता स्पष्ट येतंय ना?" तिनं विचारलं.

निरीक्षकांनी हातानंच तिला गप्प केलं. बातम्या चालू होत्या.