सुताराला पाण्यानं घरी आणलं तो दिवस

मी होडी बोलतेय. लांबी साडेतेरा फूट, रुंदी चार, बूड सपाट. एका सुतारानं मला अंगणात बांधलं, कामातून वेळ काढून, सात महिने लावून. लोकांच्या दारं-खिडक्यांतून उरलेल्या फळ्या माझ्या वाट्याला आल्या. डाव्या कुशीला एका कपाटाच्या बिजागरीच्या खाचा अजून दिसतात.

सुतार तोंडानं फटकळ. खिळा वाकडा गेला तर खिळ्यालाही बोलायचा. बायको लवकर गेली, मग तो आणि मुलगी दोघंच. पुढं मुलीनं चष्मे करणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं. सुतारानं जावयाचे मऊ हात बघितले आणि म्हणाला, "याला साधी पाचर ठोकता येणार नाही." जावयानं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असायचं.

मग एका सकाळी रंधा मारता मारता सुतार खाली बसला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. सहा आठवडे तो कालव्याच्या वरच्या टोकाला दवाखान्यात पडून होता; घर त्याच कालव्याच्या खालच्या टोकाला. सोडायचा दिवस ठरला तेव्हा मुलीनं विचारलं, "बाबा, गाडी आणू ना?" त्यानं डावा हात उचलून खिडकीबाहेरच्या पाण्याकडे दाखवलं. तिनं तीनदा विचारलं. त्यानं तीनदा पाणीच दाखवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न्या. पण चारच्या आत घरी पोचवा."

"मी आणतो," जावई म्हणाला. त्याला वल्हवता येत नव्हतं. ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मला टेम्पोत घालून दवाखान्यापाशी पाण्यात सोडलं. सुताराला माझ्यात गादीवर निजवलं, डोकं माझ्या शेपटीकडे. मुलगी उशाशी बसली. जावयानं धक्का देऊन मला काठापासून सोडवलं आणि स्वतः काठावरच राहिला.

"अहो, आणि तुम्ही?"

"आलो, आलो." तो काठाकाठानं धावला आणि पुलाखाली पाणी अरुंद होतं तिथं उडी मारून आत आला, तो नेमका जेवणाच्या डब्यावर.

पुढं कितीतरी वेळ मी एकदा या काठाला नाक घासत होते, एकदा त्या. मग पाणवेलींत एक वल्हं अडकलं. त्यानं जोर लावला. हात परत आले, वल्हं आलं नाही. एका वल्ह्यानं होडी गोल फिरते. माझ्या दोन गिरक्या झाल्यावर काठावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं विचारलं, "काय शोधताय?"

"घर," मुलगी म्हणाली.

कालव्याच्या मध्यावर पाण्याची पायरी आहे. वरचं पाणी उंच, खालचं सखल, मधे दगडी हौद आणि त्याला दोन्ही टोकांना दरवाजे. होडी हौदात घ्यायची, पाणी हळूहळू सोडायचं, आणि होडी खाली उतरली की पुढचा दरवाजा उघडायचा. तिथला दरवाजेवाला म्हणाला, "दोर भिंतीतल्या कडीत नुसता ओवा आणि हातात धरा. पाणी उतरेल तसा सैल सोडत राहा." मग तो चाक फिरवायला गेला, पाठ आमच्याकडे.

नुसतं हातात धरणं जावयाला भरवशाचं वाटलं नाही. त्यानं गाठ मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची गाठ पक्की बसली.

पाणी उतरू लागलं आणि मी उतरेना. नाक दोराला टांगलेलं, शेपूट खाली खाली चाललेली. सुतार गादीसकट मागं घसरला. मुलीनं त्याला काखेत हात घालून धरलं. मागून पाणी आत यायला लागलं. ती हाका मारत होती, पण पाण्याच्या आवाजात दरवाजेवाल्याला काही ऐकू जाईना. सुतार डाव्या मुठीनं माझ्या फळीवर धपाधप मारत होता. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. त्याला काय सांगायचं होतं ते मला कळत होतं. पण मी काय बोलणार.

ताणलेली गाठ जावयाच्या बोटांना दाद देईना. तेव्हा त्यानं खिशातून चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस काढला. त्याचं टोक गाठीत घालून तो एकेक पीळ उकलू लागला. घाई नाही, थरथर नाही. दुकानात बसून एखाद्याच्या चष्म्याची काडी बसवावी तसा. सुतार मूठ आपटायचा थांबला. तो त्या हातांकडे बघत राहिला.

गाठ सुटली. मी धाडकन पाण्यावर बसले आणि जावई पाण्यात गेला. दरवाजेवाल्यानं त्याला कॉलर धरून वर काढलं. माणूस हाती आला, चष्मा तळाला गेला.

"काही दिसतंय का?" मुलीनं विचारलं.

"तू दिसतेस. काठ दिसत नाही."

दरवाजेवाल्यानं एक बांबू दिला. पुढची वाट अशी कापली: सुतार डावा हात हलवून दिशा दाखवी, मुलगी सांगे, जावई बांबू टेकवी. त्या टप्प्यात मी एकदाही काठाला घासले नाही.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. शेजारच्या दोघांनी सुताराला उचलून काठावर खुर्चीत बसवलं. मुलीनं शाल गुंडाळली, गोळी दिली, कुणीतरी चहा आणायला गेलं. दोराला हात लावायचं जावयाला आता धाडस नव्हतं. इतरांना वाटलं, त्यानं बांधला असेल. मी सावकाश निघाले.

"होडी," सुतार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. मुलगी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, काय म्हणालात? परत म्हणा."

"होडी. होडी."

तिघं-चौघं त्याच्या तोंडाकडे बघत उभे, आणि मी दहा हात लांब गेले. शेवटी जावई ओल्या कपड्यांनिशी पुन्हा पाण्यात उतरला आणि अंदाजानं चाचपत मला घेऊन आला. मुलगी तोवर डोळे पुसत होती. "सहा आठवड्यांनी बोललात, बाबा, आणि तेही हिच्यासाठी," ती म्हणाली. सुतारानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा शब्द त्या दिवशी तेवढाच होता.

पुढं तो तीन वर्षं जगला. शब्द वीसेक परत आले. त्यांत मुलीचं घरातलं नाव होतं आणि जावयासाठी "ये, बस" होतं. फटकळ एकही नव्हता.

आता मी परसात पालथी आहे. दुपारी मुलगी माझ्या बुडावर बसून शेंगा सोलते. जावई दर उन्हाळ्यात डांबर लावतो, बरंचसं गवताला. मला विकावं की नाही यावर दोघांचं दर वर्षी बोलणं होतं आणि चहा संपला की तेही संपतं. मला कालव्यात न्या असा माझा हट्ट नाही. बाकडं म्हणूनही मी वाईट नाही. सांगणं एवढंच, की मधली फळी खालून मऊ पडत चालली आहे. ती अजून कुणी बघितलेली नाही. कुणी तरी एकदा मला उलटून बघा.