टोकाचं घर

दिनानाथला यथार्थदर्शनाचं, म्हणजे चित्रात दूरचं लहान दाखवण्याच्या कलेचं, भारी वेड. अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढणारा हा माणूस ताटातल्या पापडाकडेसुद्धा एक डोळा मिटून बघायचा. गणेशोत्सवातल्या नाटकाचा पडदा रंगवायचं काम मंडळाने त्याच्या गळ्यात घातलं, तेव्हा त्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

उल्हासनगरच्या सिंधी दुकानातून पडद्यासाठी मांजरपाटाचं कापड आलं. निळीत बुडवलेली दोरी ताणून रेघा मारल्या, सरसात रंग कालवले. पडद्यावर रस्ता उमटला; त्याच्या दोन्ही बाजूंची घरं लहान लहान होत दूर एका ठिपक्यात विरली. या रस्त्याने चालत निघालं तर थेट बदलापूर येईल, असं वाटायचं.

नाटकात नायिका होती त्याची धाकटी बहीण कुमुदिनी. लग्नानंतर वर्षातच विधवा होऊन आलेली ही पोर स्वयंपाकघराबाहेर पडत नव्हती. दिनानाथनेच विनवण्या करकरून तिला उभं केलं होतं. नाटकाच्या शेवटी तिने रस्त्याच्या टोकाशी जाऊन तिथल्या घराचं दार ठोठावायचं होतं.

रंगीत तालमीला ती पडद्यापाशी पोचली, तर टोकाचं घर तिच्या पंजाएवढं!

"अगं, दार काय ठोकतेस? घर पदरात बांधून घेऊन ये ना!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

कुमुदिनी घरी येऊन चुलीपाशी बसली. "दादा, मला नको हे. लोक हसायला टपलेलेच असतात."

दिनानाथने ताट बाजूला सारलं. बघणाऱ्यांचा विचार त्याने केला होता. तिथे जाऊन उभं राहणारीचा केलाच नव्हता.

सकाळी तो तिला हाताला धरून पडद्यापाशी घेऊन गेला. "सरळ उभी राहा बघू." तिच्या डोक्यावर खूण केली आणि आपल्या लाडक्या ठिपक्यावर पांढरा रंग फासला.

"दादा, चित्र बिघडतंय."

"बिघडू दे."

तिथे त्याने तिच्या मापाचं दार काढलं, दाराच्या मापाचं घर. रस्ता त्या घरावर जाऊन आदळला.

नाटकाच्या दिवशी कुमुदिनीने त्या दारावर हात ठेवला. मांडवात कोणी हसलं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

नंतर कारखान्याचे मोठे अधिकारी भेटले. "दिनानाथ, पडदा झकास. पण टोकाचं घर लहान हवं होतं. तुमच्याकडून ही मिस्टेक?"

"चुकलंच साहेब," दिनानाथ म्हणाला. "पण तिथं आमच्या कुमुदला उभं राहायचं होतं."