घरजावयाचा पट्टा

बोटीवरच्या ऑटोपायलटला माझ्या सासूबाई घरजावई म्हणायच्या. बसून बॅटरी खातो, दिवसभर कुरकुरतो, पण सांगितलेल्या दिशेला चाक फिरवतो, एवढं तरी कुठल्या जावयाला जमतं, असं त्यांचं म्हणणं. सुकाणूच्या चाकाला मागून बसवलेली प्लॅस्टिकची गोल पेटी, आत एक छोटी मोटर, चार रोलर आणि एक दातेरी रबरी पट्टा. एवढाच तो घरजावई. त्या दुपारी मोटर घरघरत राहिली आणि चाक काही हललं नाही.

बोट गर्रकन वळली. शिडाची दोरी आवरायला धावलेल्या सासूबाई उजव्या हातावर पडल्या आणि मनगट बघता बघता टम्म सुजलं.

म्हणजे आता शिडांचं ज्ञान त्यांच्याकडे आणि धड हात माझ्याकडे. मी चाक धरलं तर दोऱ्या ओढायला कुणी नाही, दोऱ्यांकडे गेले तर चाकावर कुणी नाही; ते एका हातानं आवरण्यातलं नव्हतं. बंदर चौदा तास पुढे. इंजिनात डिझेल तासाभराचं, आणि वायरलेसवरून मदत बोलावली तरी यायला तीन तास. वारा आम्हाला किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलत होता. तिथे फुटणारं पांढरं पाणी बसल्या जागेवरून दिसत होतं.

"नवा पट्टा आहे खालच्या खणात," सासूबाई म्हणाल्या. "पण तो घालायचा तर चाकच उतरवावं लागतं."

"भर समुद्रात? आपल्या बोटीचं चाक?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

त्यांनी सांगितलं तशा मी दोऱ्या बांधल्या. शिडं एकमेकांविरुद्ध अडकली आणि बोट जवळजवळ थांबली. चाकाच्या खांबावरचा ब्रेक आवळून सुकाणू जागच्या जागी अडकवलं. तरी वाऱ्याबरोबर वाहत जाणं चालूच होतं. सासूबाईंनी खडकांकडे एकदा नीट बघितलं.

"पाऊण तास," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत चाक परत बसलं नाही, तर इंजिन असून उपयोग नाही."

मी शिवणयंत्रं दुरुस्त करते, सतरा वर्षं झाली. स्क्रूला मी भीत नाही, पाण्याला भीते. मधला नट सोडवला, चाक ओढून काढलं. चाक ज्यावर बसतं त्या दांड्याच्या खाचेत नखाएवढा लोखंडी तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. ती हरवली तर चाक नुसतंच गरागरा फिरणार, सुकाणूला पत्ताच नाही. मी ती चावी ओठांत घट्ट धरली आणि पेटीचे स्क्रू सोडवायला लागले.

सासूबाई समोर बसून बोलत होत्या, बहुतेक स्वतःशीच.

"चूक माझीच. पट्टा मीच बसवला होता. ताण जास्त झाला असणार. तो म्हणतो तेच खरं, माझ्या हाताला आता अंदाज राहिला नाही. पोचलो की विकून टाकते बोट."

'तो' म्हणजे माझा नवरा. दोन वर्षं तो आईच्या मागे लागला होता की बोट विक, वय झालं. आईच्या सोबतीला जा, म्हणून मला त्यानेच तिच्या गळ्यात बांधलं होतं. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला हायसं वाटलं. आता कधी या हलत्या फळीवर पाय ठेवायला नको, असंच मनात आलं.

मग मी पेटीचं झाकण काढलं.

आत सगळं तेलकट होतं. पट्टा फुगून सैल पडला होता आणि त्याचे दात सालपटासारखे सुटले होते. वास माझ्या ओळखीचा होता. माझ्याच तेलाच्या कुपीतला. महिन्यापूर्वी बोट धक्क्याला असताना एक रोलर करकरत होता. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. करकरलं की तेल, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण, आपोआप हात गेला. चांगलं काम काय सांगून करायचं, म्हणून बोललेही नाही.

तेल पुसल्याशिवाय नवा पट्टा टिकणार नव्हता आणि त्यानंतर तिसरा पट्टा बोटीवर नव्हता. पुसणं भाग होतं. "खारं पाणी गेलंय आत," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. थाप तयारच होती. मी वर बघितलं. सासूबाई खडकांकडे बघत नव्हत्या, सुजलेल्या मनगटाकडेही नाही. मांडीवरच्या धड असलेल्या डाव्या हाताकडे बघत होत्या, हा आपला नव्हेच अशा नजरेनं.

मी ओठांतली चावी काढून मुठीत धरली.

"आई, पट्टा तुम्ही बरोबर बसवला होतात. आत तेल मी घातलं. तेलानं रबर फुगलं."

त्यांनी वळून खडकांकडे बघितलं.

"किती वेळ?"

"कशाला?"

"पुसायला!"

"पंधरा मिनिटं."

"दहात पूस."

चावी परत ओठांत. भांड्यांचा साबण, जुना टॉवेल, एकेक रोलर, एकेक खाच. नवा पट्टा चढवला, झाकण लावलं. आता पाणी फुटल्याचा आवाजही येऊ लागला होता. चाक दांड्यावर सरकवलं, पण खाच जुळेना. दोनदा चावी तिरकी झाली. तिसऱ्यांदा बसली. नट आवळला, ब्रेक सोडला. सासूबाई ओरडून सांगत होत्या तशा दोऱ्या सोडल्या, बांधल्या, आणि पेटीचा खटका दाबला.

मोटर घरघरली. चाक हललं नाही. मग बोटभर हललं. मग सावकाश फिरलं, आणि बोटीचं तोंड खडकांपासून समुद्राकडे वळलं. मी तिथेच खाली बसून रडले.

"गाढव!" सासूबाई कडाडल्या. "विचारायला तोंड नव्हतं? दोघींचा जीव गेला असता!"

"हो."

"सतरा वर्षं काय नुसतं तेलच ओतलंस?"

"हो, आई."

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ताण बरोबर होता?"

"बरोबर होता."

"त्याच्यासमोर सांगशील?"

सांगितलं तर बोट राहणार, आणि पुढच्या खेपेला सोबत पुन्हा मीच. हे मला दिसत होतं.

"सांगेन," मी म्हटलं. "तुम्ही चुकला नव्हतात."

"वाऱ्यात ऐकू नाही आलं."

त्यांना ऐकू आलं होतं. तरी मी ओरडून सांगितलं, "तुम्ही चुकला नव्हतात!"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.