विहिरीत सोडायचा कंदील

“हवा एकोणतीस, कार्बन डायऑक्साइड चव्वेचाळीस. आता जड कोण, सांग बरं माय?”

रुपालीला अकरावीचं गणित कुणाला तरी मोठ्यानं सांगितल्याशिवाय सुटत नसे. पूर्वी ऐकायला बाप होता. पुंजाजी विहिरीतल्या बिघडलेल्या मोटारी काढायचा. त्याला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण “बराबर हाये” म्हणत मान मात्र झोकात डोलवायचा. गेल्या उन्हाळ्यात तो विहिरीतच गेला, आणि ऐकायचं काम आईकडे, चतुराबाईकडे आलं.

“चव्वेचाळीस,” सुपातल्या डाळीतले खडे वेचत ती म्हणाली. “एवढं तं मले बी समजते.”

“मंग थो गॅस खोल जागी खाली साचते. तिथं दिवा बी जगत नाई.”

रुपाली बोलून गेली आणि तिनं घाईनं पान उलटलं.

चतुराबाईचे हात थांबले. पुंजाजी उतरण्याआधी दोराला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. त्याचा बाप सोडायचा म्हणून तोही सोडायचा. त्याच्या हयातीत कंदील कधी विझला नव्हता. का सोडायचा हे त्यालाही धड ठाऊक नसावं. त्या दिवशी कंदील कोरडा होता. रेशनचं रॉकेल कधीचंच बंद झालेलं. चतुराबाईनंच नवी बॅटरी त्याच्या हातात दिली होती. “हे घ्या, उजेडाशीच तं मतलब हाये!” बॅटरी तळापर्यंत लख्ख उजेड देत गेली आणि तो बिनघोर उतरला. पाण्यातल्या आसरांनी ओढला, असं गाव म्हणालं. तिनंही तेच मानलं, विहिरीवर नैवेद्य ठेवला.

“रुपाली, कंदील असता तं इझला असता का व?”

रुपाली पुस्तकातच बघत राहिली. “नाई माय. नसता इझला.”

पोरीला खोटं बोलायची सवय नव्हती. तिचे कान लाल झाले. आपल्या हातानंच आपण त्याला मरणाच्या दारात धाडलं, हे चतुराबाईला कळलं. आणि ते आपल्याला कळू नये म्हणून लेक धडपडते आहे, हेही कळलं.

“बराबर हाये,” ती म्हणाली.

तेवढ्यात धाकटा दीर गणेश दारात आला. आता भावाचं काम तोच करायचा. “वयनी, बॅटरी दे. मळ्यातल्या जुन्या इहिरीत उतरा लागते.”

चतुराबाई उठली. खुंटीवरचा कंदील काढून तिनं पदरानं काच पुसली.

“याच्यात डिझेल भर अन् आधी हा सोड. इझला तं उतरू नको.”

“अवं, बॅटरीचा उजेड जास्त पडते.”

“मी काय सांगून राह्यली, गणेश? इझला तं उतरायचं नाई!”

तिचा आवाज ऐकून तो मुकाट्यानं कंदील घेऊन गेला. रुपाली पुस्तकात तोंड खुपसून रडत होती. चतुराबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तिला खडे दिसत नव्हते, तरी ती वेचत राहिली.

“हं,” ती म्हणाली, “पुढचं गणित सांग.”