ज्याचं त्याचं पेन

"आधी खा," मी टेबलाखालून ट्रेंटच्या बुटाला बूट लावून पुटपुटलो. "इथं खाल्ल्याशिवाय कोणी कागद काढत नाही."

ट्रेंटने मक्याच्या पावाची बशी दोन बोटांनी बाजूला सरकवली, जणू त्यात झुरळ पडलं होतं, आणि कागद काढले. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या ओलेटा क्रिसलिप बाईंनी ते पाहिलं.

वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरांत एकतीस वर्षं मी एकच काम करतोय. लोकांच्या जमिनीखालच्या गॅसचे हक्क कंपन्यांना मिळवून द्यायचे. आम्हाला लँडमन म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि हल्ली मला ते पटायलाही लागलंय.

हे काम मला कॉगरसाहेबांनी शिकवलं. त्यांचा एक नियम होता: सही करणाऱ्याला आपलं पेन कधी द्यायचं नाही. त्याला उठू द्यायचं, घरात पेन शोधू द्यायचं. तेवढ्या चार पावलांत माणूस विचार करतो. परत येऊन नाही म्हणाला, तर आभार मानून निघायचं. हा नियम मी नव्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलाय, की ती माझी नक्कल करतात.

ट्रेंट आमचा नवा साहेब. सकाळी गाडीत म्हणाला होता, "पहिलं पान वाचून दाखवायचं. नावपत्त्याची दुरुस्ती. तिसरं पान म्हातारी वाचत नाही."

"तिसऱ्या पानावर गॅसच्या विहिरीतल्या खाऱ्या सांडपाण्याचं तळं आहे. तिच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला."

"कागद तिच्यासमोर असतो ना? मग आपण कुठे लपवलं?"

हे बोलून तो हसला आणि दातात अडकलेलं काहीतरी काढून खिडकीबाहेर उडवलं. मला शिसारी आली. पण मी गाडी थांबवली नाही, हेही लिहायला हवं.

आता त्याने पहिलं पान वाचलं, गोड आवाजात. मग कंपनीचं चकचकीत पेन बाईंच्या पुढ्यात सरकवलं.

बाईंनी पेनाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"डेन्झिल, यात आणखी काही आहे का रे?"

डॉर्सी, त्यांचा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली. घराला, गुरांना, बागेला पाणी त्या एकाच झऱ्याचं. वीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी गॅसच्या करारावर सही घेताना मी डॉर्सीला सांगितलं होतं, "झऱ्याच्या आसपास यंत्र येणार नाही. माझा शब्द." पुढे तो करार एका कंपनीने दुसरीला विकला, दुसरीने तिसरीला. शब्द कोणी विकत घेत नाही.

"आहे," मी म्हणालो, आणि तिसरं पान मोठ्याने वाचलं. सगळं. तळ्याची लांबी, रुंदी, झऱ्यापासूनचं अंतर.

"अरे, वेड लागलंय का तुला?" ट्रेंट म्हणाला.

"तुमची सही नसेल तर कंपनीला तळं खणता येत नाही, बाई," मी म्हणालो.

ओलेटाबाई उठल्या, कपाटाच्या खणाकडे गेल्या. ट्रेंटचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, म्हातारी स्वतःचं पेन आणतेय.

त्यांनी आणलेलं पेन निळं होतं, टोपण चावलेलं. माझंच. मी ते लगेच ओळखलं, आणि मला माझीच किळस आली.

"तुझं आहे. सहीच्या त्या दिवशी तू घाईत होतास, डॉर्सीच्या हातात दिलंस नि इथंच विसरलास."

महिनाअखेर होती तेव्हा. आणखी दोन घरं उरकायची होती. बस्स, एवढंच कारण.

"डॉर्सी म्हणत होता, झऱ्याचं लिहून घेऊया," बाई म्हणाल्या. "मीच म्हटलं, कॉगरच्या हाताखालचा माणूस आहे, लिहून काय घ्यायचं? मीच म्हटलं."

"बाई, आज तरी मी..."

"आज खरं बोललास. ऐकलं मी."

त्यांनी कागद जुळवून ट्रेंटच्या हातात दिले, सहीशिवाय. तो दार आपटून बाहेर गेला आणि गाडीचा हॉर्न वाजवू लागला. मी पेन खिशात ठेवलं. मग पावाचा तुकडा मोडायला हात पुढे केला.

या डोंगरांत पाहुण्याची बशी रिकामी झाल्याशिवाय कोणी उचलत नाही. माझ्या बशीत अर्धा पाव होता, घेवडा तसाच होता.

ओलेटाबाईंनी बशी उचलली, मोरीशी नेली आणि नळ सोडला.