उंच घोड्यावर कोण बसणार?

समोर एक लाकडी घोडा आहे, असं धरून चला. हातभर उंच, पांढराशुभ्र, मान ताठ. त्याच्यावर एक स्वार बसलाय, पण स्वाराला अजून डोकंच नाही. मानेच्या जागी नुसतं भोक. दिसला? छान. आता जरा वास घ्या. लाकडाचा भुसा, ओला रंग आणि शेगडीवर गरम होणारा सरस. सरसाला घाण वास येतो, ते खरं, पण आपण आत्याच्या कारखान्यात आलोय, तेव्हा नाक मुरडायचं नाही.

ही आत्या लाकडाच्या बाहुल्या करायची. तिच्याकडून संग्रहालयाने जगज्जेत्यांचा एक देखावा मागवला होता. कडेला चार लहान घोडे आणि मधोमध हा उंच घोडा. त्यावर बसणार इतिहासातला सगळ्यात थोर विजेता. तो कोण, हे संग्रहालयाच्या बाईंनी आत्यावर सोपवलं होतं, आणि आत्याने ते काम आपल्या मुलावर आणि भाचीवर ढकललं होतं.

"दोघांनी भांडून ठरवा," ती म्हणाली. "ज्याचं म्हणणं दुसऱ्याला पटेल, त्याने या स्वाराचा चेहरा रंगवायचा."

भाचीला सगळे भिंगरी म्हणत. कारण सांगायला नको. हे ऐकून ती जागच्या जागी दोनदा फिरली. आजवर तिच्या वाट्याला फक्त शेपट्या आल्या होत्या. घोड्यांच्या, सिंहांच्या, एकदा तर मगरीची. चेहऱ्यांचा बारीक कुंचला आत्याने तिच्या हाती कधीच दिला नव्हता. आतेभावाने, म्हणजे तिच्या दादाने, मागच्या वर्षी एक अख्खा नगारेवाला रंगवला होता आणि तो अजून त्याच्या बोलण्यातून गेला नव्हता.

"चंगीझ खान," दादाने सुरुवातच केली. "त्याने आणि त्याच्या मुलानातवंडांनी जिंकली तेवढी सलग जमीन कुणीच जिंकली नाही. विषय संपला."

"मुलानातवंडांची धरायची नाही! माझा सिकंदर बघ. विसाव्या वर्षी राजा, आणि एकही मोठी लढाई हरला नाही."

"वडिलांनी तयार फौज हातात दिली होती त्याच्या."

"मग तुला आत्याने तयार कारखाना दिलाय, तू काय जिंकलंस?"

आत्या खुसखुसली. "भिंगरे, तोंड चालू दे, पण हातही चालू दे. सरस तापलाय. डोकं बसवून टाक."

डोक्याखाली खुंटी असते. तिला सरस लावायचा आणि तो गार व्हायच्या आत ती मानेच्या भोकात दाबून बसवायची. चेहरा मागाहून रंगवायचा. हे भिंगरीला पाठ होतं. तिने डोकं उचललं, खुंटी सरसात बुडवली, दादाकडे वळून "आणि नेपोलियनचं काय, आणि तैमूरचं काय?" असं विचारलं आणि डोकं घट्ट दाबलं.

दादा घोड्याकडे बघत होता. मग पोट धरून हसायला लागला.

"अगं, जगज्जेता निघालाय पुढे आणि तोंड मागे! घरी डबा विसरला वाटतं!"

भिंगरीने पाहिलं. स्वाराचं नाक थेट शेपटीच्या दिशेला होतं. तिने डोकं फिरवून बघितलं. हलेना.

"ओढू नकोस, मान मोडेल," आत्या म्हणाली. "वाफ दिली तर सुटेल, पण घोड्याचा रंग जाईल. आणि बाई येतीलच एवढ्यात."

कुंचला गेलाच हातचा, असं वाटून भिंगरीचे डोळे भरून आले. पण त्या भरल्या डोळ्यांनीही ती स्वाराकडेच बघत राहिली.

"आत्या, सिकंदर घरी पोचला का गं?"

"नाही. वाटेतच गेला."

"आणि चंगीझ खान?"

"मोहिमेवरच. तैमूरही तसाच."

"नेपोलियनला तर लांबच्या बेटावर नेऊन ठेवलं," दादा म्हणाला. "तिथेच वारला."

"म्हणजे चौघांपैकी एकालाही शेवटचं जेवण घरी मिळालं नाही?"

आत्याने हातातली पटाशी खाली ठेवली. "सिकंदराच्या सैनिकांना नेमकं तेच सलत होतं. वर्षानुवर्षं चालून चालून ते थकले होते, आणि हा म्हणे अजून पुढे. बोलायची कुणाची छाती होईना. शेवटी एक जुना सेनापती उठला आणि सरळ म्हणाला, महाराज, पुरे झालं, आता मागे फिरू."

"सिकंदर चिडला?"

"चिडला आणि रुसून तंबूत जाऊन बसला. कुणाशी बोलेना."

"अगदी आपल्या भिंगरीसारखा," दादा म्हणाला.

"पण फिरला ना मागे?"

"फिरला."

भिंगरी उडी मारून उभी राहिली. "दादा, सिकंदराने सगळ्यांना हरवलं. मग सिकंदराला कुणी हरवलं?"

"ही काय लढाई झाली? त्याने तलवार तरी उपसली का?"

"तेच तर! सेनापती तलवारीशिवाय जिंकला!"

दादाने खोचून विचारलं, "तो सेनापती तरी पोचला का घरी?"

"नाही रे," आत्या म्हणाली. "थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. पण सैनिकांपैकी काहीजण पोचले."

एवढ्यात दार वाजलं. संग्रहालयाच्या बाई आत आल्या, चष्मा नाकावर सरकवून घोड्याभोवती एक फेरी मारून थबकल्या.

"हा मागे का बघतोय?"

भिंगरी काही सांगणार, त्याआधी दादाच बोलला.

"फौजेला घरी चला म्हणतोय, बाई. सिकंदराला मागे फिरवणारा सेनापती आहे तो."

"मग सिकंदर कुठे?"

"लहान घोड्यावर. आणि माझा चंगीझ खानही," दादा उसासा टाकून म्हणाला.

बाई इतक्या हसल्या की चष्मा घसरला. "राहू दे असाच!"

आत्याने बारीक कुंचला भिंगरीपुढे धरला.

भिंगरीने तो घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि चेहरा ज्या बाजूला होता तिकडे, म्हणजे आपल्या रोजच्याच जागी, घोड्याच्या शेपटीमागे जाऊन बसली. मग श्वास रोखून तिने म्हाताऱ्या सेनापतीच्या भुवईचा पहिला पांढरा केस रंगवला.